‘सिस्टर, संडासला लागलंय’ : एका पहिलटकरणीच्या बाळंतपणाचे शेवटचे अडीच तास

लेबर रूममध्ये हे वाक्य कानावर पडलं की कुठलीही नर्स हातातलं टाकून धावते. बाई संडासला म्हणून निघाली आणि बाळ तिथंच झालं, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक रुग्णालयात सांगितली जाते. म्हणून आम्ही तिला उठू देत नाही. आडवं करतो, हातमोजे चढवतो, तपासतो. वाक्याचा अर्थ आम्हाला पाठ असतो : डोकं खाली आलं. पण बोलणाऱ्या बाईला त्या क्षणी नेमकं काय वाटत असतं, हे सतरा वर्षांच्या नोकरीत मी कुणाला विचारलं नव्हतं. या प्रकरणात विचारावं लागलं, तेही पाऊण तास वाया घालवल्यावर.

बाईची ओळख पटेल असं काही इथं लिहिलेलं नाही. जागा म्हणजे तालुक्याच्या गावचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. दोन लेबर टेबलं, रात्रपाळीला एक नर्स आणि एक मावशी, डॉक्टर आवारातल्याच क्वार्टरमध्ये. सीझरची सोय नाही. त्यासाठी उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, ४२ किलोमीटर, मध्ये घाट. पुढं हा घाट येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बाई बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, त्यासाठी माहेरी आलेली. नवरा चाकणला कंपनीत. दिवस भरलेले, ३९ आठवडे ४ दिवस. उंची १५२ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन १०.६, रक्तदाब पूर्ण नऊ महिने ठीक, साखर नाही, बाळ डोक्याकडून. कार्डावर लाल शाईनं लिहावं असं एकही कारण नव्हतं. अवघड केसवर आम्ही चहाच्या वेळी तासभर बोलतो. अशा सरळ केसमध्ये आपण काय बिघडवलं, त्यावर कुणी बोलत नाही.

रात्री ११:४० ला १०२ च्या गाडीतून आली. गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं, दहा मिनिटांत दोन कळा. दीड वाजता पाच सेंटिमीटर झालं तेव्हा पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढं सरकते त्याचा तक्ता, मांडला. ४:४० ला पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. बाळाचे ठोके १३० ते १४५ च्या मध्ये. तिची आई रात्रभर आत तिच्या उशाशी होती. दहा वर्षांपूर्वी हे आमच्याकडं चाललं नसतं, आईला बाहेर बाकावर बसवलं असतं. लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, त्यानंतर सोबतीण आत आली आणि दोन टेबलांच्या मध्ये पडदाही आला. हिरवा, रिंगांवर सरकणारा. पडद्याचंही पुढं काम आहे.

पाऊण तास

६:१० ला तपासलं तर तोंड पूर्ण उघडलेलं. डोकं मधोमध, म्हणजे कटीराच्या हाडांना आतून जे दोन काटे असतात त्यांच्या रेषेवर. ना वर, ना खाली. ठोके १३८. इथून प्रसूतीची दुसरी अवस्था धरतात, आणि इथूनच माझं चुकायला लागलं.

मी तिला म्हटलं, ‘झालं बाळा, पूर्ण उघडलं. आता कळ आली की श्वास रोखायचा, हनुवटी छातीला टेकवायची आणि खाली जोर लावायचा.’ कळ आली. मी सुरू केलं, मावशींनी पायाशी उभं राहून सूर धरला, ‘लाव, लाव, लाव, सोडू नको, अजून, अजून, अजून!’ भजनी मंडळात कसं, एकीनं उचललं की बाकीच्या आपोआप धरतात. हा घोष आम्हाला कुणी शिकवलेला नाही. पहिल्या पोस्टिंगला कानांवर पडतो आणि दुसऱ्या महिन्यात आपल्याच तोंडून निघायला लागतो.

मी जे विचारलं नव्हतं ते एवढंच : ‘तुला खाली दाब वाटतोय का?’

तोंड पूर्ण उघडणं वेगळं आणि जोर येणं वेगळं. जोर आपण लावायचा असतो असं वाटतं, पण निम्म्याहून जास्त वेळा तो आपसूक येतो, शिंक येते तसा. डोकं पिशवीच्या तोंडातून निसटून खाली कटीराच्या तळाच्या स्नायूंवर येऊन बसलं, तिथं ताण पडला, की मेंदूकडं निरोप जातो, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, कळ आणखी जोरकस होते आणि डोकं आणखी खाली दाबलं जातं. एकातून दुसरं असं हे चक्र आहे. फर्ग्युसन नावाच्या शास्त्रज्ञानं १९४१ मध्ये ते मांडलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. डोकं तिथवर पोचायच्या आधी पुष्कळ बायकांना थोडी उसंत मिळते. कळा विरळ होतात, बाई चक्क डुलकी काढते. जुन्या दाया याला ‘कळा निजल्या’ म्हणून बसून राहायच्या. आम्ही घड्याळ बघतो आणि ओरडायला लागतो.

पाठीवर झोपवलेलं, पाय रिकिबीत. पाऊण तासात चौदा-पंधरा कळांना तिनं जोर लावला. चेहरा लाल, डोळ्यांत रक्त उतरल्यासारखं, मानेच्या शिरा टरटरलेल्या. सगळा जोर गळ्यात. डोकं होतं तिथंच. ६:५० ला कळ संपताना डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, लावला, ठोके १०४. अर्ध्या मिनिटात परत १३६ वर आले, पण १०४ हा आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. श्वास दीर्घ रोखून जोर लावला की आईच्या छातीतला दाब वाढतो, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं, वारेकडं जाणारा प्रवाह घटतो. त्यात बाई उताणी, म्हणजे पिशवीचं सगळं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर. बाळाला मी आणि माझ्या घोषानं मिळून धाप लावली होती.

तेव्हाच मला ती गोष्ट दिसली, जी पहिल्या पाच मिनिटांत दिसायला हवी होती. तिचे कुल्ले. प्रत्येक कळेला ती टाचा रोवून ते टेबलावरून वर उचलत होती, घट्ट आवळलेले, मांड्या एकमेकींकडं ओढलेल्या. खरा जोर असला की बाईचं बूड टेबलात रुततं, गुदद्वार सैल पडून उघडायला लागतं. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या अवस्थेचं ते एक लक्षण म्हणून दिलेलंच आहे. इथं ते मूठ वळल्यासारखं बंद. वरून ढकलत होती आणि खालून धरून ठेवत होती. एका हातानं पोहरा ओढायचा आणि दुसऱ्यानं दोर धरून ठेवायचा, तसला प्रकार.

६:५५ ला मी म्हटलं, ‘थांब. आता जोर नको.’

मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. पूर्ण उघडलेल्या बाईला जोर लावू नको म्हणणारी नर्स त्यांनी पाहिली नव्हती.

थांबलो ते

पहिलं, पाय रिकिबीतून काढले आणि तिला डाव्या कुशीवर वळवलं. दुसरं, पोटावर हात ठेवला तर ओटीपोटात वेगळा, मऊ उंचवटा. लघवी तुंबलेली. भांडं दिलं, होईना. नळी घातली, ४०० मिली निघाली. भरलेली मूत्राशयाची पिशवी डोक्याच्या वाटेत बसते आणि कळांनाही मंद करते, हे मी विद्यार्थिनींना दरवर्षी शिकवते. त्या रात्री दोननंतर तिला लघवीला नेल्याची नोंद माझ्याच अक्षरात कुठं नव्हती. तिसरं, तिच्या आईनं थर्मासातला गूळ घातलेला कोरा चहा बशीतून चार-पाच घोट पाजला.

मग वाट. दर पाच मिनिटांनी ठोके, प्रत्येक वेळी कळ संपल्यावर पूर्ण मिनिटभर. १३४, १४०, १३८. कळा दहा मिनिटांत तीन. नाडी ९२, ताप नाही, रक्तस्राव नाही, पाणी अजून स्वच्छ. या पाच-सहा गोष्टी ठीक असतील तरच थांबण्याला अर्थ आहे. ठोके ११० च्या खाली टिकून राहिले असते किंवा १६० च्या वर चढून राहिले असते, पाण्यात बाळाची शी दिसली असती, तर मी कुशीवर झोपवून चहा पाजत बसले नसते, घाटाकडं गाडी काढली असती. काही जण ‘नैसर्गिक’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणं समजतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. थांबायचं तर मोजत थांबायचं.

ती दोन कळांच्या मध्ये घोरायला लागली. आईनं तिची वेणी सोडून केस मोकळे केले. आमच्या भागात बाळंतिणीच्या अंगावर गाठ ठेवत नाहीत. केसाची सोडतात, परकराची सैल करतात. विज्ञान म्हणून त्याला काही अर्थ नाही. पण आईची बोटं केसांतून फिरत होती तेव्हा पोरीचा जबडा पहिल्यांदा सैल पडलेला मी पाहिला.

पडद्यापलीकडचं

७:२८ ला ती झोपेतून दचकून उठली आणि म्हणाली, ‘सिस्टर, संडासला लागलंय.’

मी मनात म्हटलं, आलं. आणि ती काय करते ते बघितलं. दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली, मांड्या जुळवल्या आणि सगळं अंग आवळून घेतलं. ‘मला नेऊन आणा ना. दोनच मिनिटं. मग इथं लावते जोर.’ मी नेहमीचं उत्तर दिलं, ते संडास नाही, बाळ आहे, कर जोर. तिनं मान हलवली. विश्वास नव्हता. आणि तिचंही सर्वस्वी चूक नव्हतं.

मी तिच्या आईला बाजूला घेतलं. ‘आई, ही धरून ठेवतेय. काय झालंय?’

आई खाली मान घालून हळू आवाजात बोलली. ‘बाई, राती त्या पलीकडच्या बाईला बोलल्या न्हाई का मावशी. त्ये ऐकलं हिनं. तवापास्नं म्हनती, आये, माझ्याकडनं तसं झालं तर मी मरंन.’

पहाटे तीनच्या सुमारास शेजारच्या टेबलावर एका तिसरटीची, म्हणजे तिसऱ्या खेपेच्या बाईची, प्रसूती झाली होती, दहा मिनिटांत. जोर लावताना तिला शी झाली. मावशींनी पुसता पुसता तोंड सोडलं, ‘घरनं करून यायचं की गं, हितं काय आमी तुझं हेच उचलायला बसलोय?’ मी तिथंच होते. बाळ हातात होतं, नाळ बांधत होते. मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं, कारण ते आम्ही रोज ऐकतो. पडद्यापलीकडं एक मुलगी सात सेंटिमीटरवर जागी होती. हिरव्या पडद्यानं दिसत नाही. ऐकू सगळं येतं.

मग पाऊण तास मी तिला जे करायला सांगत होते ते तिला कळत होतं. करायचं नव्हतं.

इथं शरीराचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण ‘ते संडास नाही, बाळ आहे’ हे आमचं उत्तर अर्धवट आहे. योनिमार्ग आणि गुदाशय एकाला एक लागून आहेत, मध्ये पातळ पडदा. नऊ-साडेनऊ सेंटिमीटर रुंदीचं डोकं पुढून उतरतं तेव्हा मागचा गुदाशय चेपला जातो, आणि त्यात जे काही असेल ते पुढं ढकललं जातं. तिथल्या ताणाची जाणीव मेंदूला नेणाऱ्या नसाही जवळपास त्याच. त्यामुळं संडासला लागल्यासारखं वाटणं हा भास नाही. बाळ येतंय आणि शीही येऊ शकते, दोन्ही खरं. प्रसूतीत शी होणं इतकं सामान्य आहे की ज्या बाईला होते तिचा जोर योग्य जागी लागतोय असं समजावं. आणि ती धरून ठेवायला जे स्नायू आवळावे लागतात तेच बाळाला वाट द्यायला सैल सोडावे लागतात. एकाच वेळी दोन्ही जमत नाही, कुणालाच.

जुन्या सिस्टर यावर म्हणतील, एनिमा दिला असता तर हा घोळच नसता. आमच्या शिकण्याच्या काळात सरसकट द्यायचे. जागतिक आरोग्य संघटना तो सरसकट देऊ नये म्हणते. त्यानं प्रसूती लवकर होत नाही, जंतुसंसर्ग घटल्याचंही दिसत नाही, आणि आमचा अनुभव असा की वर पातळ होऊन पसारा जास्तच होतो. शिवाय लाज एनिमानं धुऊन निघत नाही.

मी तिच्या कानाशी गेले. ‘हे बघ, खरं सांगते. शी होईल. कदाचित. बहुतेकींची होते. माझीही झाली होती.’ (झाली होती. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका रुग्णालयात, आणि मलाही कुणीतरी बोललं होतं.) ‘खाली कापड ठेवलंय. मी पुसून टाकीन, कुणाला दिसणारसुद्धा नाही. तुला ज्याला लागल्यासारखं वाटतंय ना, तिकडंच जोर लाव.’

तिनं विचारलं, ‘मावशी?’

मावशी दाराशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, बाहेर गेल्या.

जमिनीवर

टेबलावर तिला जमेना. पाय हवेत ठेवून शी करायची म्हणजे कुणाला जमेल? जन्मभर उकिडवं बसलेली मुलगी. आईच म्हणाली, ‘परसाकडं बसल्यागत बसू द्या की हिला.’ आम्ही गादी जमिनीवर टाकली, वर रबरशीट, वर धुतलेली चादर. आई मागं स्टुलावर बसली, पाय फाकून, आणि मुलगी तिच्या मांड्यांवर कोपर टेकवून उकिडवी. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत बाईनं स्वतःला सोयीची, हवी तर उभी-बसती स्थिती निवडावी असं स्पष्ट आहे, आणि जोरही तिनं स्वतःच्या ओढीनुसार लावावा असं आहे. एपिड्युरल (वेदना थांबवायचं कमरेतलं इंजेक्शन) नसलेल्या बायकांत बसत्या-उभ्या स्थितीत व्हॅक्यूम-चिमट्याची आणि छेद घ्यायची गरज थोडी कमी पडते. रक्तस्राव मात्र थोडा जास्त होऊ शकतो, ते विसरून चालत नाही. त्यासाठीचं इंजेक्शन मी आधीच भरून ठेवलं.

पुण्यामुंबईकडं कमरेतून इंजेक्शन घेऊन वेदनारहित प्रसूती करतात, तिथं हे जसंच्या तसं लावू नये. तिथं ओढच बोथट झालेली असते. तिथं तास-दोन तास थांबावं की लगेच जोर लावायला सांगावं यावर बराच वाद झाला. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात थांबल्यानं नॉर्मल प्रसूतींचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आमच्या मुलीची ओढ शाबूत होती. ती दाबून ठेवली होती, एवढंच.

पहिल्या कळेला तिच्या तोंडून वेगळाच आवाज आला. आतापर्यंतची किंचाळी गळ्यातून, वरच्या पट्टीत होती. हा पोटातून, जड ओझं उचलताना निघतो तसा हुंकार. श्वास तिनं रोखला, पण पाच-सहा सेकंदच. सोडला, परत घेतला, परत लावला. एका कळेत तीन-चार वेळा. मी मोजलं नाही, सांगितलंही नाही. घोष बंद होता. खोलीत इतकी शांतता मला सवयीची नव्हती. जीभ सारखी वळवळत होती.

थोडी शी झाली. मी गॉजच्या घडीनं झाकून एका हालचालीत काढली, पुढून मागं पुसलं, हातमोजा बदलला. तिनं विचारलं, ‘झाली?’ मी म्हटलं, ‘हो. आता डोकं येतंय.’ दोन्ही वाक्यं खरी होती. तिनं खांदे सोडून दिले.

७:५० ला डॉक्टर आले, सरकारी सेवेच्या बाँडवरचे, सहा महिन्यांचा अनुभव, पण ऐकून घेणारे. त्यांच्यामागं दिवसपाळीच्या सिस्टर. जमिनीवरची गादी बघून दोघंही दारातच थबकले. डॉक्टरांनी पार्टोग्राफ बघितला. ‘सहा दहाला पूर्ण. पावणेदोन तास होत आले. पाठवायचं का?’ प्रश्न रास्त होता. गाडी काढायची, घाट उतरायचा, तिकडं टेबल मोकळं असेल-नसेल, म्हणजे दीड तास गृहीत धरायचा. आत्ता ठरवलं नाही आणि नऊला गरज पडली तर साडेदहा.

मी त्यांना तीन गोष्टी दाखवल्या. पहिलटकरणीला दुसऱ्या अवस्थेत तीन तासांपर्यंत लागू शकतात, असं त्या २०१८ च्याच शिफारशींत आहे. दोन तासांची रेषा आमच्या डोक्यात जुन्या शिक्षणातून बसलेली. ठोके १४२. आणि आत्ताच तपासलं होतं, डोकं काट्यांच्या खाली दोन सेंटिमीटर. पाऊण तास न हललेलं डोकं वीस मिनिटांत उतरलं होतं. ते म्हणाले, ‘साडेआठला परत बघू. गाडी दारात लावून ठेवतो.’ ड्रायव्हरला उठवलंही. मला तो निर्णय आजही आवडतो, दोन्ही अंगांनी.

दिवसपाळीच्या सिस्टरनी मदत म्हणून सुचवलं, ‘वरून थोडा दाब देऊ का?’ पोटावर, बरगड्यांच्या खाली, हातानं किंवा कोपरानं दाबणं. क्रिस्टेलर नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८६७ मध्ये हे लिहिलं आणि दीडशे वर्षांनंतर आमच्या लेबर रूममध्ये ते मावशी करतात, स्टुलावर चढून. त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. बरगडी मोडणं, खाली मोठं फाटणं, क्वचित पिशवी फाटणं, ही जोखीम मात्र आहे. करू नये असंच मार्गदर्शन आहे. मी नको म्हटलं. त्यांना राग आला नसावा. आला असेल तर दाखवला नाही.

८:३६

८:२० ला कळ संपल्यावर डोकं मागं सरकायचं थांबलं. काळे ओले केस, नाण्याएवढे, मग बशीएवढे. आता उलटं काम : जोर कमी करायचा. तिला तिथंच, गादीवर, डाव्या कुशीवर घेतलं. वरचा पाय आईनं धरला. कुशीवर डोकं सावकाश येतं. कोमट पाण्यात पिळलेली गॉजची घडी मी खाली धरून ठेवली, प्रत्येक कळेला नवी. यानं मोठं फाटणं कमी होतं, आणि बायकांना ती ऊब बरी वाटते.

‘जळतंय, जळतंय!’ ती ओरडली. इथं बायका घाबरून एकदम ढकलतात आणि टराटरा फाटतं. मी म्हटलं, ‘आता जोर नाही. फुंकर घाल.’ तिनं गाल फुगवून जोरात हवा सोडली, चुलीत फुंकणीनं मारतात तशी. पोट परत आवळलं. ‘तशी नव्हे. बशीतला चहा गार करतेस तशी.’ ते तिला लगेच कळलं. ओठांचा चंबू, हलकी हलकी हवा. डोकं स्वतःच्या गतीनं आलं, कपाळ, नाक, हनुवटी. मी एक हात डोक्यावर, एक खाली आधाराला ठेवला. छेद घेतला नाही. सरसकट घ्यायचा नसतो, आणि इथं कारण नव्हतं.

८:३६. मुलगी. रडली लगेच. २८६० ग्रॅम. आईच्या छातीवर ठेवली, दहा युनिट ऑक्सिटोसिन दंडात दिलं, नाळेचे ठोके थांबल्यावर, दोन मिनिटांनी ती कापली. ८:४५ ला वार पूर्ण पडली. रक्तस्राव मोजून ३०० मिलीच्या आसपास. कातडीपुरतं छोटं फाटलं होतं, दोन टाके. डॉक्टर ड्रायव्हरला ‘जा, झोप’ म्हणून सांगून आले.

पूर्ण उघडल्यापासून २ तास २६ मिनिटं. त्यातली ४५ मिनिटं मी फुकट घालवली, साधारण अर्धा तास विश्रांतीत गेला, दहाएक मिनिटं समजूत, गादी आणि बसण्याची धडपड यांत, आणि खरं काम उरलेल्या तासाभरात झालं. शंका एक उरते. तीनचं ते बोलणं तिनं ऐकलं नसतं तर सहा दहालाच जोर लागला असता का? मला वाटतं, नाही. डोकं तेव्हा पुरतं खाली आलं नव्हतं, लघवी तुंबलेली होती, ओढ आलेलीच नव्हती. पण ७:२८ ला ओढ आली तेव्हा मी विचारलं नसतं तर ती वायाही गेली असती, हे मात्र नक्की. तिला आम्ही ‘को-ऑपरेट करत नाही’ असा शेरा मारून घाटात पाठवलं असतं. तो शेरा मी आजवर किती केसपेपरांवर लिहिला, त्याचा हिशेब नाही.

वॉर्डात

दुपारी ड्युटी संपूनही मी वॉर्डात डोकावले. नवरा येऊन पोचला होता, बाळाकडं लांबून बघत होता, हात लावायला धजत नव्हता. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, टाके दुखत असतील. ती हळूच म्हणाली, ‘सिस्टर, माफ करा. घाण केली मी.’

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. काहीतरी हसून बोलले असेन.

महिन्याच्या बैठकीत ही केस मांडली. ठरलं ते असं : तोंड पूर्ण उघडल्यावर पहिला प्रश्न ‘दाब वाटतोय का’, वाटत नसेल आणि सगळं ठीक असेल तर कुशीवर विश्रांती, ठोके दर पाच मिनिटांनी, दर अर्ध्या तासानं डॉक्टरांना कळवणं, लघवीची वेळ पार्टोग्राफवर, आणि शी होऊ शकते हे बाईला कळा सुरू असतानाच सांगायचं, टेबलावर गेल्यावर नव्हे. आशाताईंनी आठव्या-नवव्या महिन्याच्या भेटीत हे सांगावं असंही निघालं. एक आशाताई म्हणाल्या, सासूसमोर कसं बोलायचं हे? त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

मावशींशी मी बैठकीत बोलले नाही. सगळ्यांसमोर त्यांना झोडपणं म्हणजे त्यांनी त्या बाईला केलं तेच. एका रात्री चहा घेताना काढलं. त्या बराच वेळ कपाकडं बघत होत्या. म्हणाल्या, ‘एका रात्रीत चार बाळंतपणं झाली की समदं मलाच धुवावं लागतंय, सिस्टर. हातमोजे बी दोनच जोड देत्यात.’ हेही खरं होतं. हातमोज्यांची मागणी मी दुसऱ्या दिवशी लिहून दिली. तीन आठवड्यांनी एक पेटी आली, मापानं लहान.

परवा पहाटे एक पहिलटकरीण टेबलावर तेच वाक्य बोलली. मी हातमोजे चढवत होते. माझ्याआधी मावशी पोचल्या, तिच्या खाली जुन्या सुती लुगड्याची घडी सारली आणि म्हणाल्या, ‘होऊ दे की. मी हाय न्हवं हितं.’